चित्रप्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिका : लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

सिंधुदुर्गातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. घरी पडवीत, भाताच्या कणगीशेजारी, दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत चित्रप्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिका आहेत. काही मला आलेल्या, काही माझ्या गुरुजींनी जाता जाता माझ्या हवाली केलेल्या, काही मुंबईच्या मित्रांच्या घरून रद्दीत जाता जाता वाचवलेल्या. गणपतीत घरी आलेला प्रत्येक जण ट्रंका उघडायला लावतो आणि तेच ते प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

ह्या लग्नपत्रिका आहेत का?

नाहीत. पण चूक तुमची नाही. आमच्या गावात छापील कार्ड पाकिटातून येतं ते लग्नाचं, मुंजीचं, फार तर गृहप्रवेशाचं. आमचे जुने पोस्टमन एकदा भर पावसात सायकल ओट्याला टेकवून म्हणाले होते, "मास्तरांनू, चातुर्मासात कोणाचा लगीन हो?" मी पाकीट उघडून दाखवलं. आत एका निसर्गचित्राची छपाई होती, झाडं आणि पाणी. त्यांनी ती नीट पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाले, "जेवण नाय म्हणजे." तेव्हापासून असलं पाकीट आलं की ते लांबूनच ओरडायचे, "बिनजेवणाचा इला!"

प्रदर्शनाला जाणं झालंच नाही, तर पत्रिका ठेवून काय मिळतं?

हा खरा प्रश्न. याचं उत्तर द्यायला मला वेळ लागतो.

जहांगीर आर्ट गॅलरी मुंबईत १९५२ साली सुरू झाली. माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तरांना तिचं नाव पाठ, पण तिथं पोचायचं म्हणजे एसटीत अख्खी रात्र काढायची. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली ती १९९८ च्या जानेवारीत. प्रदर्शन चालायचं आठवडाभर. पत्रिका इथं यायची कधी दोन दिवस आधी, कधी प्रदर्शन उतरल्यावर. किरकोळ रजा मागायला जावं तर हेडमास्तर विचारणार, "कोणाकडे काय आहे?" चित्रं बघायला जायचंय असं सांगून रजा मिळाल्याचं मला आठवत नाही.

त्यामुळे आमच्यासाठी पत्रिका हे 'या' असं सांगणारं कार्ड नव्हतंच. ती हातात आली म्हणजे प्रदर्शन झालं. स्टाफरूममधल्या काचेच्या कपाटाला मी ती आतल्या बाजूने चिकटवायचो. चित्राचं नाव, माध्यम, माप, असेल तेवढं सगळं वाचून व्हायचं. एका पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात होतं : तैलरंग, कॅनव्हास, १५० गुणिले १८० सेंमी. पुढे छापलेलं चित्र माझ्या तळहाताएवढं. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणारी अकरा मुलं होती त्या वर्षी. त्यांना घेऊन मैदानावर गेलो. कबड्डीच्या मैदानासाठी आणलेली फक्की शिल्लक होती. तिनं पाच फूट बाय सहा फुटांची चौकट आखली. म्हटलं, आता कार्ड हातात धरा आणि कल्पना करा की हे चित्र त्या चौकटीत आहे.

मुलं आधी हसली. मग एकानं एक डोळा मिटून, हात लांब करून, कार्ड बरोबर त्या चौकटीवर बसेल असं धरलं आणि मागे मागे सरकत गेला. मग सगळीच तसं करू लागली. एक मुलगी चौकटीच्या आत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एवढा निळा रंग मिळतो कुठं?" आम्ही शाळेत वापरायचो त्या पोस्टर कलरच्या बाटलीत किती निळा असतो, आणि अशा किती बाटल्या लागतील, याचा हिशेब त्या दिवशी गणिताच्या तासाला झाला.

पुढं बऱ्याच वर्षांनी ते मूळ चित्र मुंबईत एका दालनात भेटलं. समोर उभा राहिलो आणि माझी नजर आधी जमिनीवर गेली, फक्की शोधायला. मग वर पाहिलं. कार्डावर सपाट वाटणारा निळा प्रत्यक्षात सुरीनं थापलेला होता, त्याला कडा होत्या, खालून कुठंकुठं तांबडा डोकावत होता. वीस-पंचवीस वर्षं ज्या चित्राचं कौतुक मी मुलांना सांगितलं ते हे नव्हतंच. तरी ते कार्ड मी फेकलं नाही. ट्रंकेत ते आजही वरच आहे.

पत्रिका नसेल तर प्रदर्शन बघायला आत सोडतात का?

सोडतात. जहांगीरला तर प्रवेश फुकट आहे, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, कुणीही जावं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे 'आमंत्रण नाही तर कसं जायचं' हा संकोच हाडात मुरलेला. चित्रप्रदर्शनाची पत्रिका म्हणजे पास नव्हे. उद्घाटनाच्या संध्याकाळी सामोसा आणि चहा असतो, तो सुद्धा कुणी मोजून देत नाही.

पत्रिका कधी स्वतःच चित्र होते का? म्हणजे कलाकारांनी तिच्याशी काही खेळ केलेत का?

फार. त्यातले काही तर ऐकून माणूस खुर्चीवरून उठतो.

पॅरिसमध्ये इरिस क्लेर या बाईंचं छोटं दालन होतं. १९५८ साली तिथं ईव्ह क्लाइन या चित्रकारानं रिकामी खोली दाखवली. भिंती पांढऱ्या, आत काहीच नाही. पत्रिकेच्या पाकिटावर त्यानं स्वतःचं निळं तिकीट लावलं होतं, नुसता निळा चौकोन. आणि त्या पत्रिकेवर छापलं होतं की जिच्याजवळ ही पत्रिका नसेल अशा व्यक्तीला आत यायला पंधराशे फ्रँक पडतील. वर मी म्हटलं की पत्रिका म्हणजे पास नव्हे. त्याला हा अपवाद, आणि तोही काही नसलेलं बघायला.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये, त्याच दालनात आर्मान या त्याच्या मित्रानं उलटा डाव टाकला. दालन कचऱ्यानं गच्च भरलं, इतकं की आत शिरता येईना, काचेतून बघायचं. आणि निमंत्रण काय पाठवलं, तर तारलीचा सीलबंद डबा, आत मासळीऐवजी कचरा. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा देवगडहून येणारा एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, पोस्टात वास सुटला नसेल?" किनाऱ्यावरच्या पोराला ही शंका आधी येणार. युरोपातल्या समीक्षकांनी या डब्यावर बरंच लिहिलं आहे. वासाचा मुद्दा मला अजून कुठं सापडलेला नाही.

मार्सेल ब्रोतार्स हा बेल्जियमचा कवी. चाळिशीला आल्यावर त्यानं १९६४ साली ब्रसेल्समध्ये आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं. पत्रिकेसाठी कोरा कागद वापरलाच नाही. गुळगुळीत मासिकांची पानं फाडली आणि त्यावरच्या जाहिरातींवरच मजकूर छापला. मजकुराचा आशय असा की मलाही वाटलं, आपण काहीतरी विकून आयुष्यात यशस्वी होऊ शकतो का, बघू. आपल्याकडे भज्यांच्या कागदावर परीक्षेचे पेपर वाचलेत ना, तसंच काहीसं, फक्त हे ठरवून केलेलं.

अमेरिकेच्या रॉबर्ट बॅरीनं १९६९ मध्ये यावर कडी केली. पत्रिकेवर एकच वाक्य : प्रदर्शनाच्या काळात दालन बंद राहील. आणि ते खरंच बंद होतं. ॲमस्टरडॅमच्या ज्या दालनानं ही पत्रिका काढली ते आर्ट अँड प्रोजेक्ट, त्यांच्या अशा पत्रकांचे १९६८ ते १९८९ या काळात १५६ अंक निघाले. दूरच्या लोकांना पोस्टानं यायचे. बॅरीचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या माणसानं आणि कोकणातल्या माणसानं अगदी सारखंच पाहिलं असतं. म्हणूनच मला तो माणूस आवडतो.

आपल्याकडे भूपेन खख्खर. बडोद्याला राहून हिशेबनिसाची नोकरी सांभाळत चित्रं काढायचा. १९७२ सालच्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी त्यानं स्वतःचे फोटो काढवले, एकात जेम्स बाँड, एकात दंतमंजनाच्या जाहिरातीतला हसरा गडी. ज्या काळात चित्रकार पत्रिकेवर दाढी खाजवत गंभीर चेहऱ्यानं बसायचे, त्या काळात.

कोकणाचा या सगळ्याशी काय संबंध?

मला विचाराल तर आहे, आणि जुना आहे. आपल्याकडे देवळांच्या भिंतींवर चित्रं आहेतच, पण इथं माणसानं चित्र पाहिलं ते बहुतेक हातात धरून.

सावंतवाडीची गंजिफा घ्या, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. गोल, तळहातात मावणारी, कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून केलेली. सावंतवाडीच्या राजवाड्यात ती आजही रंगवली जातात. किंवा कुडाळजवळचं पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवरची चित्रं, पोथीतून एकेक काढून समोर धरायची आणि गोष्ट गायची. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीचं एक पान बघा आणि मग प्रदर्शनाची पत्रिका बघा. माप वेगळं, पण धरायची रीत तीच. खरा फरक हा की पत्रिकेची गोष्ट गायला कोणी नसतं, ती आपली आपण रचायची.

उत्तरेकडे गेलात तर अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आता संग्रहालय आहे, आणि तिथून फार लांब नसलेल्या नागावात १९३६ साली प्रभाकर बरवे जन्मले. बरव्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, सफरचंद, किल्ली अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत ठेवलेल्या असतात. त्यांची चित्रं पत्रिकेएवढी झाली तरी मरत नाहीत. माझा हा अनुभव आहे : काही चित्रकार कार्डावर टिकतात, काही भिंतीवरच टिकतात. कोण थोर हे त्यावरून ठरत नाही. पण मैदानावर फक्की मारून बघायची असेल तर आधी कोणाचं घ्यावं ते ठरतं.

पत्रिकेवर साल नसेल तर ती कधीची हे कसं ओळखायचं?

ट्रंकेतल्या निम्म्याअधिक पत्रिकांवर वार आहे, तारीख आहे, वेळ आहे, साल नाही. छापणाऱ्याला वाटतं, साल कशाला, यंदाचंच की! पत्रिका पुढच्या महिन्यापर्यंत जगेल असंच त्याला वाटत नसतं.

एक उदाहरण सांगतो. माझ्या गुरुजींच्या गठ्ठ्यात एक दुमडपत्रिका होती. काळ्या-पांढऱ्या ब्लॉकनं छापलेलं स्त्रीचं चित्र, खाली 'मंगळवार दि. १२ डिसेंबर, सायं. ५.३० वा.' मुंबईतल्या एका दालनाचा पत्ता. साल नाही.

पहिली पायरी वार आणि तारीख. एकच तारीख त्याच वारी पुन्हा येते ती पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी. १२ डिसेंबरला मंगळवार होता १९६७, १९७२, १९७८, १९८९, १९९५ साली. पाच उमेदवार उभे राहिले.

दुसरी पायरी पत्ता. पाकिटावर गुरुजींच्या गावापुढे 'जि. रत्नागिरी' होतं. गाव मालवण तालुक्यातलं. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला. म्हणजे १९८९ आणि १९९५ बाद. (अलिबाग-पेणकडच्या पत्रिकांना हीच कसोटी लावता येते. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ च्या आधीची, 'जि. रायगड' असेल तर नंतरची. लोकांच्या हाताला जुनी सवय असते, म्हणून एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.)

तिसरी पायरी पिन. दालनाचा पत्ता 'मुंबई १' एवढाच होता, सहा आकडी पिन नव्हता. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९७८ पर्यंत सहा आकडे छापायची सवय दालनांना लागली होती, म्हणून १९७८ मागे पडलं. पण १९६७ की १९७२? पिन येऊन चारच महिने झालेले, छापखान्यानं जुनाच पत्ता ठेवला असणं सहज शक्य.

इथं पोस्टाचा शिक्का कामाला आला असता. पण माझ्या भाच्याला तेव्हा तिकिटं जमवायचा नाद होता. त्यानं मोठं तिकीट वाफेवर धरून सोडवलं आणि त्याबरोबर शिक्क्याचा सालाचा भागही गेला. मी त्याच्यावर जाम उखडलो होतो. मग पाहिलं तर कोपऱ्यात एक बारकं तिकीट त्यानं तसंच ठेवलं होतं, बहुधा दिसायला फिकट म्हणून. पाच पैशांचं, शरणार्थी साहाय्याचं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १९७१ च्या अखेरीपासून १९७३ पर्यंत टपालावर हे जादा तिकीट लावावं लागे. संपला प्रश्न. १२ डिसेंबर १९७२.

म्हणून सांगतो, पत्रिका ठेवायची तर पाकिटासकट. पाकीट फेकून कार्ड ठेवणं म्हणजे बांगड्याचं डोकं टाकून सार करणं.

आणखी खुणा आहेत. मुंबईचे फोन नंबर आधी सहा आकडी होते, मग सात झाले, मग आठ. इंग्रजी पत्रिकेवर बॉम्बे असेल तर बहुतेक १९९५ च्या आधीची. ईमेल दिसला की नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतरची. आणि अक्षरांवर बोट फिरवून बघा. कागदावर किंचित खड्डा लागला तर ती खिळ्यांच्या छापखान्यातली, ट्रेडल नावाच्या यंत्रावर निघालेली. ऑफसेटचं अक्षर गुळगुळीत लागतं. माझी नात डोळे मिटून ओळखते, कोणती ट्रेडलची आणि कोणती नाही. तिला मी त्याबद्दल एक शेंगदाण्याचा लाडू देतो.

पत्रिकेवरचा रंग आणि खऱ्या चित्राचा रंग यात एवढा फरक का पडतो?

छपाई चारच शाईंची. निळसर, किरमिजी, पिवळी, काळी. त्यांचे बारीक ठिपके शेजारीशेजारी बसतात आणि डोळा ते मिसळतो. चित्रकारानं नळीतून काढलेला झगझगीत निळा किंवा नारिंगी या चौघींना जमत नाही. आपल्या इकडच्या चित्रकारांचं दुखणं वेगळंच, जांभ्याचा लाल. चिऱ्याची भिंत पावसात भिजल्यावर जो रंग येतो तो कार्डावर कधी विटेचा होतो, कधी जांभळट, कधी सरळ तपकिरी. एका मित्रानं छापखान्यात प्रूफ बघायला जाताना खिशातून चिऱ्याचा तुकडाच नेला होता. छापणाऱ्यानं तो टेबलावर ठेवला, बघितला आणि म्हणाला, "हा सुका आहे की ओला?"

आणखी एक गंमत. पत्रिका छापायला जाते तेव्हा चित्रं पुरी झालेली नसतात. महिनाभर आधी जे चित्र तयार असेल त्याचा फोटो जातो. नंतर चित्रकार त्यावर पुन्हा ब्रश मारतो. माझ्याकडे एका कार्डावर होडी आहे. प्रदर्शनात टांगलेल्या त्याच चित्रात होडी नव्हती, नुसतं पाणी होतं. ती होडी आता जगात कुठं असेल तर माझ्या ट्रंकेत.

मला माझ्या प्रदर्शनाची पत्रिका काढायची आहे. काय लिहू?

नाव, काय आहे ते, कुठं, कधीपासून कधीपर्यंत, किती ते किती, आणि बंद कोणत्या वारी. यापुढचं सगळं हौस.

पण हौसेतच लोक घसरतात. माझी पहिली तक्रार उद्घाटकांबद्दल. पुढाऱ्याचं नाव तीन ओळींत, पदांसकट, आणि चित्रकाराचं नाव खाली 'विनीत' म्हणून. अशी पत्रिका बघून कोणाला वाटेल की चित्रं साहेबांनी काढली आहेत. उद्घाटकाचं नाव जरूर घाला, बारीक अक्षरात, आत.

दुसरी तक्रार भाषेची. रत्नागिरी-कणकवलीत भरणाऱ्या प्रदर्शनाची पत्रिका नुसती इंग्रजीत कशाला? 'चित्रं कळत नाहीत' असं म्हणणाऱ्या माणसाला आपण कार्डही न कळणारं देतो. दोन्ही भाषा ठेवा, मराठी आधी. आणि मराठीत लिहिताना लग्नपत्रिकेतून उचलू नका. 'नजरचुकीने निमंत्रण राहिले असल्यास हेच निमंत्रण समजावे' हे ज्याच्या हातात पत्रिका आहे त्यालाच सांगणं मला लहानपणापासून कळलेलं नाही. एका तरुण शिल्पकारानं मात्र गमतीनं खाली छापलं होतं, 'आमच्या काकांच्या प्रदर्शनाला यायचं हं!' आणि खाली त्याच्या दोन पुतण्यांची नावं. ते मला भारी आवडलं.

तिसरी गोष्ट स्वतः पोळल्यामुळे सांगतो. वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून तपासा. माझ्या एकुलत्या एका प्रदर्शनाच्या पत्रिकेवर वार एक आणि तारीख भलतीच आली. प्रूफ मीच वाचलं होतं, चित्राकडे बघत. चारशे कार्डांवर काळ्या शाईच्या पेनानं वार खोडून हातानं लिहिला, बायको आणि दोन विद्यार्थी मदतीला. शेवटच्या शंभरांवर माझं अक्षर इतकं बिघडलं की दोघं-तिघं दोन्ही दिवशी येऊन गेले.

किती छापू? आणि कागद कोणता?

ऑफसेटवर शंभर काढा नाहीतर हजार, प्लेटचा खर्च तेवढाच. म्हणून पूर्वी सगळे हजार काढायचे आणि सहाशे उरायच्या. उरलेल्यांच्या पाठी मग पुढची दहा वर्षं वाणसामानाच्या याद्या. माझ्याकडे एका नामवंत चित्रकाराच्या पत्रिकेमागे 'सुरमई २, कोकम, माचिस' असं लिहिलेलं कार्ड आहे. आता डिजिटलवर पन्नासही निघतात. पन्नासच काढा.

कागद तीनशे जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारं) आर्टकार्ड, मॅट. सात बाय पाच इंच. असं एक कार्ड जेमतेम सात ग्रॅम भरतं, पाकीट धरून बारा-तेरा. साध्या पत्राच्या वीस ग्रॅमांत आरामात बसतं. याहून मोठं केलंत तर पोस्टमन ते दुमडून दाराच्या फटीतून आत सारणार. पावसाळ्यात स्क्रीन प्रिंटिंगच्या वाटेला जाऊ नका. एका जुलैत आम्ही दोनशे कार्डं शाळेच्या ग्रंथालयात दोरीला चिमट्यांनी टांगली होती. चौथ्या दिवशीही शाई बोटाला लागत होती.

आता व्हॉट्सॲप असताना कार्ड हवंच कशाला?

गर्दी जमवायची असेल तर नको. व्हॉट्सॲपनं जास्त माणसं येतात, हे मी मान्य करतो. पण मोबाईलवरचं निमंत्रण वाचून होतं आणि वर सरकतं, त्यावर 'शुभ सकाळ'चे गुलाब येऊन बसतात. गेल्या पाच वर्षांत मला मोबाईलवर आलेल्या निमंत्रणांपैकी माझ्याजवळ किती उरली? मोबाईल बदलला तेव्हा सगळी गेली. ट्रंकेतलं १९७२ चं कार्ड आहे तिथंच आहे.

कोकणच्या हवेत पत्रिका टिकवायच्या कशा?

मोठ्या कष्टानं.

आर्टपेपरला वरून चिनी मातीचा पातळ लेप असतो, त्यामुळे तो चकचकतो. ओल धरली की तो लेप चिकट होतो आणि दोन कार्डं एकमेकांना जन्माची चिकटतात. एका जुलैत माझा एक गठ्ठा असाच विटेसारखा झाला. सुरीनं सोडवायला गेलो तर एका कार्डाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर निघून आलं. आता दोन कार्डांमध्ये बटर पेपर घालतो.

स्टेपलची पिन खाऱ्या हवेत वर्षभरात गंजते आणि कागदाला तांबडा डाग देते, ती आधी काढा. रबरबँड पहिल्या उन्हाळ्यात वितळतो, दुसऱ्यात चिकटतो, तिसऱ्यात तुटतो आणि खूण ठेवून जातो. गठ्ठा सुती नाडीनं बांधा, पोथीसारखा. लॅमिनेशन करू नका. आत ओल अडकली तर बुरशी काचेखाली ठेवल्यासारखी छान दिसते.

कसरीसाठी कडुनिंबाची सुकलेली पानं घालतो, महिन्यादीडमहिन्यानं बदलतो. डांबराच्या गोळ्या कागदाला थेट लागू देऊ नका, पुरचुंडीत ठेवा. वाळवीसाठी ट्रंक जमिनीवर टेकवायची नाही, खाली चार विटा. आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी पडली की एक दिवस सगळं बाहेर काढून सावलीत मांडायचं. उन्हात नाही. त्या दिवशी आमची पडवी चार तास आर्ट गॅलरी असते आणि शेजारच्या कोंबड्या हाकलणं हे माझं काम.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची का?

आमच्याकडे लग्नाची पहिली अक्षत ग्रामदेवतेला. चित्रप्रदर्शनाची ठेवावी की नाही याबद्दल शास्त्र गप्प आहे. मी ठेवली होती. गुरवानं विचारलं, "मुलगो की मुलगी?" मी म्हटलं, बावीस चित्रं आहेत. त्यानं बावीस चित्रांसाठी गाऱ्हाणं घातलं.

या पत्रिकांना किंमत येते का? विकणार का?

काहींना येते. मुंबईतल्या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ साली निघाला. त्या चित्रकारांच्या सुरुवातीच्या काळातला कसलाही छापील कागद आज अभ्यासकांना हवा असतो, कारण कोणतं चित्र कधी, कुठल्या नावानं दाखवलं गेलं याचा तो पुरावा आहे. चित्राचं नाव पुढे बदलतं, मालक बदलतो, तारीख विसरली जाते, कार्डावरची ओळ तशीच राहते. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हसारख्या संस्था भारतातल्या कलाकारांचे असे कागद स्कॅन करून जपतात. माझ्या ट्रंकेतल्या बहुतेक पत्रिका ज्यांच्या आहेत त्यांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत. कोणी ड्रॉइंग मास्तर झाला, कोणी बँकेत लागला, कोणी गॅरेजच्या पाट्या रंगवल्या. त्यांच्या प्रदर्शनाचा उरलेला कागद हाच असेल. तो कोणी विकत मागितला नाही, मीही विचारलं नाही.

आमच्या माळ्यावर जुन्या पत्रिका आहेत. पाठवू का?

पाठवा, पण पाकिटासकट. तिकिटं सोडवू नका, भाच्यांपासून जपा. पिना काढून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर प्लॅस्टिक. मागे काही लिहिलेलं असलं, हिशेब, फोन नंबर, बाजाराची यादी, तरी पुसू नका. मृगापासून दसऱ्यापर्यंत पाठवू नका. आणि त्यातल्या एखाद्या प्रदर्शनाला तुमच्या घरातलं कोणी खरंच गेलं होतं असं कळलं, तर त्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहून घाला : चित्र किती मोठं होतं. हातानं दाखवलं तरी चालेल, तुम्ही फुटात मोजून घ्या.